पेटीतल्या चादरी

आमच्या काकांना कल्याणात अजूनही लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या घरचं पाणी पीत नाही.

प्लेगच्या साली गावाबाहेरच्या माळावर रोग्यांसाठी झोपड्या उभ्या राहिल्या, त्याही जातवार. आम्हा ब्राह्मणांच्या झोपडीची व्यवस्था काकांनी आपणहून अंगावर घेतली. स्वयंपाक सोवळ्यातला, पाणी सोवळ्यातलं, सगळं यथासांग. डॉक्टरांची सक्त ताकीद एवढीच होती की, मेलेल्या रोग्याचं अंथरूण-पांघरूण जाळायचं आणि नव्याला लागेल तेव्हा हंड्यात उकळून वाळवलेली सरकारी चादर द्यायची. चादरींनी भरलेली पेटी त्यांनी काकांच्या स्वाधीन केली. काकांनी तिला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. चादरी कुणी उकळल्या, कुणाच्या हातच्या, काही ठाऊक नाही, म्हणून त्या ओवळ्या. आणि जातवाल्याची गोधडी जाळायची म्हणजे तर त्यांच्या जिवावरच यायचं.

माझ्या बायकोला ताप आला तेव्हा मी ठाण्याला कचेरीत कारकून होतो. घरोघर तपासणी चालली होती, त्यात तिला माळावर नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ कुठे नाही, साधा हिवताप दिसतो, थोडे दिवस नजरेखाली ठेवून घरी पाठवू. माझा जीव भांड्यात पडला. कचेरी सुटली की गाडीने कल्याणला यायचं आणि थेट माळावर जायचं, असा माझा क्रम सुरू झाला. ताप उतरणीला लागला होता. घरातल्या लोणच्याच्या बरणीचं फडकं बदललंत का, असंही ती विचारू लागली होती.

एका संध्याकाळी तिच्या अंगावर निळ्या काठाची गोधडी दिसली. ती आमच्या घरची नव्हती.

"पलीकडच्या खाटेवरचे आजोबा गेले ना, त्यांची," ती म्हणाली. "मला फार थंडी वाजत होती. काकांनी स्वतः आणून घातली."

मी ती ओढून काढली, बाहेर नेऊन पेटवली आणि काकांसमोर जाऊन उभा राहिलो. भर माळावर मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"अरे, आपल्याच माणसाची गोधडी ती," ते म्हणाले. "वर गोमूत्र शिंपडलंय. त्या डॉक्टरची चादर घालून सुनेला बाटवायचं होतं का?"

तिच्या जांघेत गाठ आली, आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. काकांनी खांदा दिला. आयुष्याची दोरीच तेवढी होती, असं चार लोकांत सांगितलं आणि तेराव्याला पोटभर जेवले. त्या पंगतीत त्यांच्या पानावर भात वाढताना मी स्वतःला कसं आवरलं, ते माझं मलाच ठाऊक.

पुढे साथ ओसरत आली असताना काका स्वतः तापाने पडले. त्यांच्या मुलांनी टिटवाळ्याच्या शेतावर पळ काढला होता. झोपडीत त्यांच्यापाशी बसायला कुणी तयार होईना, म्हणून मला निरोप आला. मी गेलो, पण मायेने गेलो नाही. कोपऱ्यात नुकत्याच वारलेल्या एका आप्ताची गोधडी घडी करून ठेवलेली होती, गोमूत्राचा वास येत होता. तीच उचलली आणि त्यांच्या पायांवर टाकली. काय करतात ते मला बघायचं होतं.

त्यांनी ती पायाने खाली ढकलली. जानवं पुढे ओढून किल्ली सोडू लागले. सुटेना, तेव्हा मीच सोडली.

"ती नको रे," ते म्हणाले. "पेटीतली आण."

कुलूप गंजलं होतं. आत चादरी काठोकाठ भरलेल्या होत्या, एकीचीही घडी मोडलेली नव्हती. वरची घेऊन मी त्यांच्या अंगावर घातली. काका बरे झाले, प्रायश्चित्त घेऊन शुद्धही झाले.

माझ्या बायकोला थंडी वाजत होती तेव्हा ती पेटी तिच्या उशाशीच होती.