राजनंदिनीचा आवाज, राजनंदिनीची अट

लोहाऱ्यात राजनंदिनीला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारे सगळे. साड्यांचा सेल असो की जनावरांचा बाजार, रिक्षावरच्या भोंग्यातून आमच्या गल्लीतली ही पोर गावोगावी बोलायची. बी.ए. झाल्यावर मैत्रिणी पुण्याला गेल्या. ही सोमलिंगच्या साउंड सर्व्हिसमध्ये रेकॉर्डिंगला बसली. तिच्या वडिलांना, रणधीररावांना, लोक डिवचायचे, "काय पाटील, पोरगी भोंग्यात घातली व्हय?" ते म्हणायचे, "व्हय, तुमच्यापेक्षा कामाचं बोलती."

गेल्या उन्हाळ्यात सोमलिंगनं तिची जुनी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरला ऐकवली. तेव्हापासून मजकूर टाइप केला की तिच्याच आवाजात जाहिरात तयार. "आता रोज यायची गरज न्हाय," तो म्हणाला, "लागलं तर बोलावतो." पुन्हा काही बोलावलं नाही. पोर ओट्यावर मेथी निवडत बसायची आणि रस्त्यानं तिचाच आवाज जायचा. "काकू, मी घरी, माझा आवाज कामावर," असं हसून म्हणायची. ते हसणं मला बघवायचं नाही.

एका रविवारी मी विरजण मागायला त्यांच्याकडं गेले होते, तर दारात एक म्हातारी. माकणीच्या कमलबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, जीपनं आलेल्या, विचारत विचारत घर शोधलेलं.

"तूच का गं ती भोंग्यातली? आइतवारी डोळ्याचं शिबिर हाय म्हणलीस. देवळापाशी गेले तर मंडप काढायलेत. म्हणतेत, कालच झालं!"

"आजी, ते मी नाही बोलले. मशीन बोललं."

"आवाज तर तुझाच हाय की! मग इचारू कुणाला? मशीनच्या घरी जाऊ?"

मला वाटलं, आता राजनंदिनी रडणार नाहीतर सोमलिंगचा पत्ता सांगून मोकळी होणार. तिनं दोन्ही केलं नाही. आजींना पाणी दिलं, भाकरी खायला लावली, मग हात धरून दुकानाकडं निघाली. मीही पायात चपला सरकवल्या आणि मागं गेले.

सोमलिंग गडबडला. "शिबिरवाल्यांच्या मेसेजमध्येच आइतवार होता. मी काय करू?"

"दादा, मी रेकॉर्डिंगच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करून वार-तारीख पक्की करत होते. दरवेळी. तुम्ही चिडायचात, आठवतंय? तुमचा वेळ वाचला आणि बोलणी मी खाल्ली. आता ऐका. माझा आवाज वापरायचा तर मी खात्री केल्याबिगर एक जाहिरात बाहेर जाणार नाही. आणि मला महिन्याचा पगार. जमत नसेल तर आत्ता, माझ्यासमोर, माझा आवाज पुसून टाका."

"आवाज पुसला तर गिऱ्हाईक कशाला येतंय माझ्याकडं?" सोमलिंग बोलून गेला आणि जीभ चावली.

स्टुलावर टेकलेल्या कमलबाई म्हणाल्या, "मग लेका, पोरीला खुर्ची दे की बसायला!"

दुकानातले सगळे हसले. सोमलिंगही हसला, पण कॉम्प्युटरपुढची खुर्ची त्यानं सोडली.

राजनंदिनीनं तिथूनच शिबिरवाल्यांना फोन लावला आणि ज्यांचं शिबिर हुकलं त्यांच्यासाठी पुन्हा तपासणी ठेवायला लावली. ते कळवायला मात्र मशीन घेतलं नाही. स्वतः रिक्षात बसली, हातात माईक, आणि माकणीपर्यंत आपल्या तोंडानं सांगत गेली. रणधीरराव पानटपरीवर उभे होते. रिक्षा गेली तरी कितीतरी वेळ ते रस्त्याकडंच बघत राहिले.

आता दुकानात मशीनही आहे आणि हीसुद्धा. सीमेपलीकडच्या कानडी गावांसाठी मशीन तिच्याच आवाजात कानडीतही जाहिराती काढतं, काम वाढलंय. हाताखाली कॉलेजची एक मुलगी शिकतेय. तिला पहिला धडा फोन करण्याचा मिळाला.

परवा मी तिथं असताना एक दुकानदार घाईनं आला. "टाक की गं लवकर. मशीनला असा कितीसा वेळ लागतोय?"

"मशीनला नाही लागत," राजनंदिनी फोन कानाला लावत म्हणाली. "मला लागतो. बसा."

तो बसला.