नाना मार्ग, वाहतूक भरपूर

मास्तरांना गाडी शिकवता येत होती, एवढं मान्य करायला हरकत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावला होता. उरलेल्या निम्म्यांना रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायची सवय लागली होती, तीही मास्तरांच्याच विद्यार्थ्यांमुळे. त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेची गाडी एकच. तिच्या शेजारच्या सीटलाही ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तरांनी उभं आयुष्य काढलं होतं. घरी खुर्चीत बसून पेपर वाचतानासुद्धा पाय मधूनच जमिनीवर दाबला जायचा. "अहो, घर चालत नाहीये, ब्रेक सोडा," असं बायको म्हणायची.

सगळं सुरळीत होतं, आणि तिथेच माशी शिंकली. जावयाने नवा फोन घेतला आणि गाडीच्या काचेला चिकटवायचा जुना जीपीएस सासऱ्यांना भेट दिला. अडगळ काढायची आणि वर आशीर्वाद घ्यायचे, ही कला जावयांना कोण शिकवतं देव जाणे. त्या जीपीएसमध्ये एक बाई होती. ती "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" असं सांगायची, मास्तर डावीकडे वळायचे, आणि ती न चिडता पुन्हा नवा रस्ता सांगायची. इतक्या वर्षांत असं शांतपणे त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. मास्तर खूश झाले.

त्यातच त्यांना कळलं, की हे यंत्र गाडी जिथे जाईल तिथली रेघ लक्षात ठेवतं, आणि ती रेघ इंटरनेटवरच्या एका खुल्या नकाशाला देता येते. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हता. जगभरातले हौशी लोक आपापल्या गावच्या रेघा तिथे टाकायचे, दुसरे हौशी लोक त्या रेघा पाहून रस्ते काढायचे, आणि मग तो नकाशा कोणीही आपल्या यंत्रात फुकट भरून घ्यायचा. कल्पना चांगलीच होती. पण चांगली कल्पना मास्तरांच्या हाती लागली, याला कोण काय करणार?

दवाखाना पूर्वेला, तर मास्तर बायकोला घेऊन पश्चिमेला निघायचे, कारण पश्चिमेची एक गल्ली नकाशावर 'कोरी' होती. बायको मागे कंबर धरून बसलेली, आणि हे पुढे काचेतून बघत म्हणायचे, "बघ, बघ, आपण आत्ता पांढऱ्या जागेतून चाललोय! इथे आपल्याआधी कोणीच आलेलं नाही!" त्या गल्लीत राहणारी माणसं दारात उभी राहून बघायची. ती बहुधा आकाशातून पडली असावीत.

लवकरच मास्तर गावच्या नकाशाचे स्वयंघोषित मुकादम झाले. कोणी चुकीची वाट काढली, की हे खाली लांबलचक टिप्पणी लिहायचे, "जमिनीवर आहे तेच नकाशावर काढावे. मनातले रस्ते मनात ठेवावेत."

आता मैदानाचं सांगतो. मास्तरांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना नाना म्हणत, ते गेले तेव्हा वहिनींसाठी मागे एक मोठी मोकळी जागा आणि धुलाईचं काम ठेवून गेले. रुग्णालयाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट वहिनींकडे धुवायला येत. मैदानावर दोऱ्या बांधलेल्या, त्यावर ओळीने पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि हाताखाली दोन बायका. उरलेल्या जागेत वहिनींनी दिराला गाडी शिकवायला परवानगी दिली होती. अट एकच होती. "भाऊजी, चादरीला चाक लागलं तर चाक काढून ठेवीन."

मास्तरांची नवशिकी मंडळी बायपासच्या बाजूने मैदानात शिरत, दोऱ्यांना वळसा घालत आणि पलीकडे बाजारपेठेच्या गल्लीत निघत. पहिल्या गिअरमध्ये, आचके देत, दिवसभर. काचेवरचं यंत्र इमानेइतबारे रेघा ओढत होतं. रोज घरी आल्यावर मास्तर दिवसभराची सगळी पुंजी नकाशाला वाहून टाकत. त्यातल्या मैदानातल्या रेघा गाळाव्यात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांना नियम शिकवण्यातून सवड मिळेल तर ना!

कुठल्याशा लांबच्या देशात एक हौशी नकाशावाला बसलेला होता. नकाशावर तो स्वतःला 'घार' म्हणवायचा. घारीने वरून पाहिलं, तर या गावात एका ठिकाणी रेघांचा दोरखंड झालेला. बायपासपासून थेट बाजारपेठेपर्यंत! एवढी वाहतूक, आणि रस्ता नाही? घारीने तिथे चांगला जाड रस्ता काढला आणि मास्तरांना अदबीने विचारलं, "आपल्या गावातला हा सर्वांत वर्दळीचा रस्ता दिसतो. याचं नाव काय?"

इथे मास्तरांनी लिहायला हवं होतं, की बाबा रे, हे मैदान आहे आणि ही वर्दळ म्हणजे माझी एकटी गाडी आहे. पण 'आपल्या गावातला' हे शब्द वाचून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गावातल्या एका तरी रस्त्याला थोरल्या भावाचं नाव असावं, असंही त्यांना फार दिवस वाटत होतं. नाना गेल्यावर नगरपालिकेत ते दोनदा अर्ज देऊन आले होते, तिथे कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं. मास्तरांनी डोळे पुसले आणि लिहिलं, "नाना मार्ग."

पहिला ट्रक आला तेव्हा वहिनींना वाटलं, चुकून आला असेल. मग दुसरा आला. आठवड्याभरात रीघ लागली. बायपासवरून बाजारपेठेत जायला एवढा जवळचा रस्ता असताना लांबून कोण जाणार? वहिनींनी वाटेत पिंपं ठेवली, ड्रायव्हरांनी उतरून ती बाजूला केली. एकाने तर जाताना परत जागेवर ठेवली, भला माणूस! दोरी बांधली, ती तुटली. आणि धूळ अशी उडायची, की सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी पोत्यासारखी दिसायची.

शेवटी वहिनींनी एका ट्रकसमोर कमरेवर हात ठेवून ठाण मांडलं. "कुठे चाललात? हे काय रस्ता आहे?"

"रस्ताच आहे की, मावशी," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने आपलं यंत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे काय, नाना मार्ग."

नवऱ्याचं नाव वहिनींनी दोनदा वाचलं. गावात असला उद्योग करणारा माणूस एकच होता, चौकशी करायची गरज नव्हती. तशाच ओल्या हातांनी त्या मास्तरांच्या घरी गेल्या.

"भाऊजी, ह्यांचं नाव घेऊन लोक माझ्या अंगणातून ट्रक नेताहेत."

मास्तरांची पाचावर धारण बसली. "वहिनी, मला वाटलं, नानाचं नाव राहील..."

"नाव राहिलं हो. माझं काम राहतंय का ते सांगा. रुग्णालयाच्या मेट्रन बाई काल चादरीवर बोट फिरवून गेल्यात. पुसून टाका ते."

मास्तरांनी तत्काळ रस्ता पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत नकाशावर हजर. खाली घारीची टिप्पणी होती, "या रस्त्यावर गेल्या महिन्यात अनेक ट्रकांच्या रेघा मिळाल्या आहेत. आकाशातून घेतलेल्या चित्रातही चाकोरी स्पष्ट दिसते. आपणच म्हणता तसं, जमिनीवर आहे तेच नकाशावर. खरे रस्ते कृपया पुसू नयेत."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी लिहिलं, ही खासगी जागा आहे. घारीने पुरावा मागितला. मास्तरांनी फोटो पाठवले. घारीने ट्रक असलेला फोटो बघून विचारलं, की मग हा ट्रक कसला? इतर देशांतले आणखी चारजण वादात पडले. त्यांतले दोघे मास्तरांच्या बाजूने होते, पण त्यांना गाव कुठे आहे ते माहीत नव्हतं.

तोवर रुग्णालयाने चादरींचं काम दुसरीकडे दिलं.

ते कळल्यावर मास्तरांना वहिनींना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. खरोखरच वाटू लागली, इथे मी थट्टा करत नाही. भाऊ गेल्यावर या बाईने कोणापुढे हात पसरला नव्हता, आणि आपण हौसेपायी तिच्या पोटावर पाय दिला, हे त्यांना जेवताना आठवायचं आणि ते अर्ध्या ताटावरून उठायचे. मैदानाकडे जाणं त्यांनी बंद केलं. नवशिक्यांना नदीकाठच्या रस्त्यावर नेऊ लागले. सकाळ-संध्याकाळ एकच ध्यास, नकाशावरून तो रस्ता घालवायचा.

"अहो, वहिनींकडे जाऊन तरी या एकदा," बायको म्हणायची. "तिकडे आता..."

"आधी रस्ता पुसू दे. तोवर वहिनींचं नाव काढू नकोस."

"अहो, पण ऐकून तर घ्या!"

"एकदा सांगितलं ना!"

बायकोने कपाळाला हात लावला आणि नाद सोडला. ब्रेकवरचा पाय काही निघणार नाही, हे तिला संसारात पुरतं कळून चुकलं होतं.

मास्तरांनी मात्र या वेळी जीव ओतला. जागेचे कागद, जुने फोटो, दोऱ्यांवरच्या चादरी, सगळं पाठवलं. शेवटी एकदाचा नकाशावाल्यांनी कौल दिला, की खासगी जागा, प्रवेश नाही. नाना मार्ग फिका झाला, मग नाहीसा झाला. नवा नकाशा लोकांच्या यंत्रांत उतरायला वेळ लागतो, म्हणून मास्तर आणखी काही दिवस थांबले. मग धुतलेला सदरा घालून, ताठ मानेने वहिनींकडे निघाले.

मैदानात धूळ नव्हती. दोऱ्याही नव्हत्या. मधोमध सिमेंटचा उतरता ओटा होता, पंपाला जाड पाइप जोडलेले, लांब दांड्यांचे ब्रश भिंतीला टेकवलेले, आणि वर पाटी होती, 'ट्रक धुऊन मिळेल'. हाताखालच्या दोन्ही बायका सावलीत रिकाम्या बसलेल्या. वहिनी पालथ्या टबावर बसून बायपासकडे बघत होत्या.

"या, भाऊजी," त्या म्हणाल्या. स्वरात राग नव्हता. "किती दिवसांनी आलात! तुमच्यावर रागावले होते मी, पण मग म्हटलं, रस्ता काही पुसला जात नाही, ट्रक येतातच आहेत तर धुऊया. काचेला पाणी मागायचे आधी, मग रांगा लागायला लागल्या. चादरींपेक्षा बरं चाललं होतं हो! तुमच्या नानांचं नाव पावलं म्हणत होते मी. पण गेल्या आठवड्यापासून काय झालंय कळत नाही. कालपासून तर एकही नाही."

मास्तरांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

"बायपास खणलाय की काय कुठे? तुम्हाला काही माहीत आहे का?"

"वहिनी," मास्तर म्हणाले, "मी तो रस्ता पुसला."

"मला विचारायचं तरी," वहिनी एवढंच म्हणाल्या, आणि उठून त्यांनी पंपाचं बटण बंद केलं.

मास्तरांनी घरी जाऊन, रस्ता परत काढा म्हणून घारीला हातापाया पडून लिहिलं. घारीचं उत्तर ताबडतोब आलं, "ही जागा खासगी आहे हे आपण इतक्या मेहनतीने सिद्ध केलंत, की आता आम्हा कोणाच्याच मनात शंका उरलेली नाही. आपल्या चिकाटीबद्दल आभार."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर नवशिक्यांना सुट्टी देऊन बायपासच्या कडेला उभे राहू लागले. भर उन्हात, हात आडवा करून, जन्मभर शिकवलेल्या सगळ्या खुणा करत ते ट्रकांना मैदानाकडे वळायला सांगत होते. ट्रक भर्रकन निघून जात. दुपारी एक थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"इकडून जवळ पडेल!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "बाजारपेठेत थेट निघतो. ट्रकही धुऊन मिळेल!"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या यंत्राकडे पाहिलं.

"काका, इथे रस्ता नाहीये," तो म्हणाला, आणि काच वर करून निघून गेला.