पट्ट्याचं ओरडणं

सरूमावशी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघते. गिरणी चालू असली की एक तळहात तिच्या सांगाड्यावर ठेवते. पट्ट्याकडे पाठ करून कधी बसत नाही. काही विचारलं की आधी हसते, मग उत्तर देते. फोन वाजला की कुणीतरी सांगेपर्यंत वाजू देते आणि त्यालाच उचलायला लावते. सगळ्यांशी मोठ्यानं बोलते, देवाशीसुद्धा.

या सवयी मी दहा वर्षं पाहत आले. मला त्या गोड वाटायच्या.

नांदूरघाटला तिची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती एकटीनं चालवते. सुरुवातीला गिरणी डिझेल इंजिनवर होती, तेव्हापासून बिघडलेलं तीच दुरुस्त करते. ती माझ्याहून तीस वर्षांनी मोठी. तरी गावात मला मैत्रीण म्हणावी अशी तीच.

जानेवारीतला गुरुवार होता. गुरुवारी धारूरच्या कॉलेजात माझे तास नसतात. ज्वारीचा डबा घेऊन मी बाबांच्या जुन्या मारुतीतून गिरणीवर गेले. पंधरा दिवसांपासून गाडी सकाळी सुरू केली की किंचाळायची, आणि गल्लीतली कुत्री तिला उत्तर द्यायची. केजच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, डायनामो गेला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडे डायनामोच म्हणतात.

गिरणी बंद होती. मावशीनं दगड खाली उतरवून त्याला टाकी लावायला घेतली होती. दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग छिन्नीनं त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. निम्मा दगड झाला होता. बायडाबाई दळण घेऊन बसली होती. दारात मावशीचा मुलगा अजिनाथ उभा होता, चिडलेला.

"माय, फुडल्या महिन्यापासून गिरणी माझा सिदू चालवंल. ठरलं."

"कावून?"

"परवा पट्ट्यात पोतं गुतलं. बायडामावशी बोंबलली, तुला ऐकूच आलं न्हाई. उद्या पदर गुतला मंग?"

"बायडी रोजच बोंबलती. रोज कोण ध्यान देतंय?"

"घ्या!" बायडाबाई म्हणाली. "पोतं वाचवलं ते गेलं कुठं."

"माझे कान तुझ्यापरीस तिखट हायत," मावशी लेकाला म्हणाली.

पुन्हा सुरू होणार नाही या भीतीनं मी गाडी बंद केली नव्हती; ती दारात किंचाळत उभी होती. अजिनाथनं तिकडे बोट केलं.

"मंग सांग, हिच्यात काय ओरडतंय. सांगितलंस तर गिरणी तुझी. न्हाई तर सिदूची."

मावशीनं छिन्नी दगडावर ठेवली. पदर कमरेला घट्ट खोचला.

"ऋतू, बॉनेट उघड."

इंजिन चालूच होतं. ती काही वेळ बघत राहिली. मला वाटलं, पट्ट्याकडेच बघतेय.

"दिवे लाव."

मी लावले. किंचाळी वाढली. "आगं बाई, कान फाटले!" बायडाबाईनं कानांवर हात दाबले.

"दिव्यांनी डायनामोवर भार आला," मावशी म्हणाली. मग तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब तिनं लांबून पट्ट्यावर उडवले. आवाज आणखी चढला. बायडाबाईचे खांदे वर गेले.

"पाण्यानं वाढलं. म्हंजे पट्टा ढिला हाय, घसरतोय. बंद कर."

गाडी बंद झाली. मावशीनं पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला. दोन बोटं आत गेला. मग तिनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चिमटीत चोळून पाहिलं.

"ह्याला राळ कुणी लावली?"

"बाबांनी," मी म्हणाले. "तुझ्याकडूनच नेली होती."

गिरणीचा पट्टा घसरला की राळ लावतात, हे गावात सगळ्यांना माहीत.

"तुझ्या बाबाला सांग, गिरणीचा पट्टा चपटा असतो. ह्यो खाचंत बसतो. राळंनं ह्यो काचंवानी गुळगुळीत झालाय."

तिनं नट ढिले करून पट्टा काढला. डायनामोचं चाक हातानं गरागरा फिरवलं, डायनामोच्या अंगावर हातोड्याचा लाकडी दांडा टेकवला आणि दांड्याचं दुसरं टोक हनुवटीला लावलं. डोळे मिटले.

"खडखड न्हाई. बेरिंग चांगली हाय. त्या गॅरेजवाल्याला म्हणावं, कान तपासून घे."

चिंधीनं राळ पुसून तिनं पट्टा परत चढवला. पहारेनं डायनामो हलकेच मागं रेटून धरला. "आवळ," ती म्हणाली. अजिनाथनं पान्यानं नट आवळला.

"आठ दिवस टिकंल. तवर नवा पट्टा घ्या. लाव गाडी."

मी चावी फिरवली. किंचाळी नाही. नुसतं इंजिन चालल्याचा आवाज. अजिनाथ हसायला लागला.

मावशी मात्र बायडाबाईकडे बघत होती. बायडाबाईनं गाडी सुरू व्हायच्या आधीच कानात बोटं घातली होती. डोळेही घट्ट मिटले होते.

"आजून ओरडतोय," मावशी म्हणाली. "आजून आवळ."

अजिनाथ हसायचा थांबला. बायडाबाईनं बोटं काढली. "काय झालं गं?"

मावशीनं आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. तिला कळलं.

मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. मघाशीही ती पट्ट्याकडे नाही, बायडाबाईकडे बघत होती. ते तोंडाकडे बघणं, ते आधी हसणं, तो वाजत राहिलेला फोन. दहा वर्षं सगळं माझ्यासमोर होतं.

"माय," अजिनाथ म्हणाला, "तुला एकदा बी ऐकू आलं न्हाई?"

"बारा वर्सं झाली. बारीक आवाज आधी गेले. आता माणसांचे चाललेत." तिनं हात पुसले. "पण बरूबर सांगितलं का न्हाई?"

अजिनाथनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"सिदूला दोन कान हायत, त्याला हे जमलं नसतं," तो म्हणाला. मग तिच्यासमोर येऊन सावकाश बोलला, "गिरणी तुझीच. पण कानाची मशीन लावायची. आजच बीडला जायचं."

"मशीननं पट्ट्याचं ऐकू यील?"

"बायडामावशीचं बी यील."

"मंग नको."

सगळ्यात मोठ्यानं बायडाबाईच हसली. मावशीला ते दिसलं. तीही हसली आणि गाडीत माझ्याशेजारी येऊन बसली.

"आन् माझं दळण?" बायडाबाई ओरडली. मावशीचं तोंड तेव्हा दुसरीकडे होतं.

बीड येईपर्यंत तिचा तळहात डॅशबोर्डवर होता.

गिरणीचं दार उघडंच राहिलं. निम्म्या दगडावर ताज्या, पांढऱ्या खाचा होत्या. निम्मा गुळगुळीत होता. मधे छिन्नी आडवी पडली होती.