बाकीचे थांबतात तेव्हा

ऑकलंडमध्ये हिवाळ्यात घराला आतून बुरशी येते, हे इथे येण्याआधी मला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. समुद्राचे फोटो दाखवले, हिरवळीचे दाखवले. पण माउंट रॉस्किलमधल्या आमच्या भाड्याच्या लाकडी घरात जून उजाडला की पडद्यांवर काळे ठिपके यायचे, कपाटातल्या चपलांना पांढरी लव फुटायची, आणि मी हातात स्पंज घेऊन भिंती पुसत सगळ्या जगाच्या नावानं बोटं मोडायची. २०१६च्या हिवाळ्यात ही बुरशी बाबांच्या तबल्याच्या पिशवीला लागली.

बाबा त्या मार्चमध्ये पुण्याहून आले होते. आईला जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. आई गायची. मोठी गायिका वगैरे नाही. शाळेत शिकवायची, आणि कोजागिरीला, गणपतीत, कुणाच्या घरच्या बैठकीत ठुमरी-दादरा म्हणायची. बाबा बँकेत होते आणि तिला तबल्याची साथ करायचे, अगदी लग्नाआधीपासून. गाताना आई भटकायची. एक ओळ घेऊन अशी कुठेकुठे जायची की आम्हाला वाटायचं, आता काही ही बाई परत येत नाही. तोवर बाबा शांतपणे साधा ठेका धरून बसायचे. मध्येच त्यांचा हात जरा जास्त चालला की ती गाता गाता डोळे वटारायची आणि घरी आल्यावर ऐकवायची, "अहो, कलाकुसर नको. मी कुठेही गेले तरी परतायची वाट मला दिसली पाहिजे." बाबा नुसते हसायचे.

ती गेली आणि बाबांनी तबल्याला हात लावला नाही. इथे तो मीच हट्टानं आणवला होता. आल्यापासून ते खिडकीपाशी बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की बूट घालायचे. माझी मुलगी इंग्लिशमध्ये काही विचारायची, ते मान हलवायचे. ऑगस्टअखेरचं परतीचं तिकीट होतं आणि रोज एकदा तरी म्हणायचे, "घर बंद आहे तिकडे. जायला पाहिजे." कशाला जायला पाहिजे? बंद दाराआड एकटं बसायला? हा माणूस तिथे गेला की हळूहळू विझत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आईच्या शेवटच्या क्षणी मी विमानात होते. आता बाबांनाही असंच सोडायची माझी तयारी नव्हती. पण ते नीट सांगायला गेलं की माझा आवाज चढायचा, मग भांडण व्हायचं, आणि बाबा परत आपले खिडकीपाशी.

बुरशी दिसली त्या दिवशी तर मी कडाडलेच. "बाबा, वाजवू नका हवं तर, पण निदान उघडून बघा! पुडीचं कातडं कुजेल!"

"कुजू दे," बाबा म्हणाले.

मला इतका संताप आला की मी पिशवी उचलली, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायांत सरकवल्या आणि तरातरा शेजारच्या घरी गेले.

शेजारी एक पोलिश जोडपं राहायचं. ती गायची आणि तो डबल बास वाजवायचा, म्हणजे व्हायोलिनच्या आकाराचं पण माणसापेक्षा उंच असं ते वाद्य, उभं राहून वाजवतात ते. पोटासाठी तो सुतारकाम करायचा आणि ती म्हाताऱ्या लोकांच्या होममध्ये सकाळच्या पाळीला जायची. त्यांच्या गराजमध्ये त्या बाससाठी हवेतलं पाणी शोषणारं यंत्र सतत घुरघुरत असायचं, हे मला ठाऊक होतं. मी धापा टाकत काय झालं ते सांगितलं. तिनं तबला आत घेतला, पिशवी वाऱ्याला टांगली आणि डग्ग्याला असं अलगद उचलून फळीवर ठेवलं की मला एकदम बरं वाटलं.

झालं! त्या संध्याकाळपासून बाबांचा जीव थाऱ्यावर नाही. "ते लोक त्याच्यावर कॉफीचे कप ठेवतील. शाईची वाट लागेल." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ते आपणहून उठून शेजारी गेले. मग रोजच जायला लागले. यंत्राजवळ खुर्ची टाकून राखणदारासारखे बसायचे. मी मनात म्हटलं, कुजू दे म्हणणारे ते हेच का?

त्या गराजमध्ये त्यांची तालीम चालायची. एक पियानोवाला मित्र, तोही पोलिश, पुकेकोहे गावाहून यायचा. ड्रमवाला ऑस्ट्रेलियाला पळाला होता. इथून सगळेच कधी ना कधी पळतात. मी आपली आत्तापर्यंत जॅझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं गुळमुळीत संगीत समजत होते. हे तसलं नव्हतं. तिनं मला सांगितलं की त्यांच्याकडे हल्ली जॅझवाले खेड्यापाड्यांत जाऊन जुनी गाणी ऐकतात, शेतातली, लग्नातली, मेलेल्या माणसापाशी बसून म्हणायची, आणि त्यांच्याभोवती आपलं वाजवणं गुंफतात. कुणी इराणी गवयाला बरोबर घेतं, कुणी आफ्रिकेतल्या वादकाला. मी विचारलं, "मग त्यात पोलिश काय उरतं?" ती म्हणाली, "दुखतं ते."

त्यांचं एक गाणं होतं. लग्नात नवरीची वेणी सोडतात आणि डोक्याला बायकांचा रुमाल बांधतात, तेव्हाचं. आता तू आईची नाहीस, असं काहीसं. ती ते गळा मोकळा सोडून, पल्याडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं गायची आणि खालून पियानोचे एकेक थंड सूर पडत राहायचे. शब्द एक कळत नव्हता, पण मला आमच्या पाठवणीची आठवण झाली.

बाबांना मात्र रागच यायचा. "बाई सुरेल आहे गं, पण यांची सम कुठे आहे? सगळे आपापल्या वाटेनं चाललेत. कुणी कुणाला धरून नाही."

"बाबा, जॅझ आहे ते."

"असेल. पण ती घाबरत गाते. मागे ठेका नाही ना कुणाचा."

एखाद्या रुसलेल्या मुलानं आपणहून ताटातला घास उचलला की आई जशी मुद्दाम दुसरीकडे बघते, तशी मी भाजी ढवळत राहिले. दोनचार दिवसांनी जेवताना ते मांडीवर बोटं आपटत होते. मग घास तसाच हातात धरून म्हणाले, "ते तीन तीन मोजतात, पण ते सहा आहे. दुसरी मात्रा जरा ओढतात, म्हणून मी फसत होतो. दादरा तालच आहे तो! त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच."

पुढच्याच आठवड्यात बसमधून उतरून घराकडे येताना गराजमधून हातोडीची टकटक ऐकू आली. बाबा तबला लावत होते. मी रस्त्यातच उभी राहिले, पावसात, छत्री मिटलेली, ठार येड्यासारखी. मग पियानो, बास, तिचा आवाज, आणि खाली धा धी ना, धा ती ना. साधा, सरळ, आईला धरायचे तसाच. मी घरात शिरून आधी ढसाढसा रडून घेतलं आणि मगच कुकर लावला.

त्यानंतर बाबांची स्वारी रोज तालमीला. बँकेतलं इंग्लिश त्यांना पुरेसं होतं. "यू स्टार्ट, आय कम." दोन्हीकडे भाषा तोकडी, त्यामुळे बोलणं कमी आणि वाजवणं जास्त. पण परतीचं तिकीट काही हललं नव्हतं. मी एकदा विषय काढून पाहिला. बाबा म्हणाले, "साथ करतोय, म्हणजे राहिलो असं नाही."

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी जवळच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. पोलिश मंडळींनी पिएरोगी केले होते, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्याच की! आमच्या ओळखीचे मराठी लोकही आले होते आणि नको तिथे "क्या बात है" म्हणत होते. पोलिश लोक मागे वळून बघायचे. मला लाज वाटत होती आणि मजाही.

शेवटी नवरीचं गाणं आलं. तालमीत ते नेहमी सरळ संपायचं. पण त्या दिवशी रंग चढला होता. तिची ओळ संपली, तिनं बाबांकडे बघून हसून मान झुकवली, आणि तिघेही थांबले. पियानो थांबला, बास थांबला, ती बाजूला सरकली. जॅझमधली त्यांची रीतच ती. एकाला पुढे करायचं आणि बाकीच्यांनी गप्प व्हायचं. आता तू, तुला जे वाजवायचं ते वाजव.

बाबांनी काहीच केलं नाही. म्हणजे, ठेका वाजवत राहिले. धा धी ना, धा ती ना. ना तुकडा, ना तिहाई. अख्खा हॉल चिडीचूप, आणि बाबा मान वर करून तिच्याकडे बघताहेत, डोळ्यांनी विचारताहेत. मला कळलं होतं. त्यांना वाटलं होतं की ती चुकली. वाट विसरली. आणि ती परत येईपर्यंत ते तिच्यासाठी ठेका धरून बसले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. बासवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. शेवटी ती पुढे आली आणि एकटीच, हळू आवाजात, त्या ठेक्यावर पहिली ओळ पुन्हा गायली. बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. हॉल टाळ्यांनी दणाणला. पियानोवाला तर बाबांना मिठी मारून म्हणाला, असा सोलो वाजवायची हिंमत आमच्यात नाही. माझी लेक म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास.

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "एवढ्या टाळ्या कशाच्या गं? ती विसरली, मी सांभाळून घेतलं. एवढंच तर झालं."

"बाबा, ती विसरली नव्हती. ते मुद्दाम थांबले होते."

"मुद्दाम? मध्येच?"

"त्यांच्यात बाकीचे थांबले की ती तुमची पाळी असते. तुम्हाला जागा देतात ते. एकट्यानं वाजवायला."

"अरे देवा!" बाबांनी कपाळावर हात मारला. मग हसले. सिग्नलला गाडी थांबली, काचेवर वायपर फिरत होते.

"तुझी आई गेल्यापासून मी तेच करतोय," ते म्हणाले. "मनातल्या मनात. ठेका धरून बसलोय. वाटतं, आपण सोडला आणि ती आली तर?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न दिला, इथे सहसा कुणी देत नाही. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बाबा माझ्या पाठीवर थोपटत राहिले, आणि त्या थोपटण्यालाही लय होती.

"बाकीचे थांबले की आपली पाळी," ते स्वतःशीच म्हणाले. "हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. तबला घरी आला होता. बाबांच्या खोलीतून वाजवणं ऐकू आलं, आणि तो ठेका नव्हता. कायदा होता, एकट्या तबल्यावर रंगवायचा, जुना, अडखळत, बोटं गंजलेली, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आईनं डोळे वटारले असते अशी सगळी कलाकुसर. मी दारात जाऊन उभी राहिले.

वर न बघता ते म्हणाले, "ते तिकीट पुढे ढकलता येतं का, बघ जरा. ऑक्टोबरात पुन्हा कार्यक्रम आहे म्हणे. आणि हे लोक परत थांबणार."