उजवा कौल

ही हकिकत सांगायचे मी आजवर टाळले. देवीच्या कृपेबद्दल चारचौघांत बोलायला मला आवडते. पण या कृपेची सुरुवात माझ्या खोटेपणापासून होते, म्हणून गप्प राहिलो. आता वय झाले. लिहून तरी ठेवतो.

आमचे घराणे मिठागरावरचे. बारा वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन मी वाचलो, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, "हा दोष घराण्यात उतरतो. बहिणीला, मुलीला सांगा. आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला हवी, आणि या दोषाने कातडीवरही गाठ येते, नवी दिसली तरी दाखवायची." तेव्हा मुलीचे लग्न ठरत होते. सासरच्यांना कळले तर मोडेल, या धास्तीने मी गावदेवीला कौल लावला. सांगू का? मूर्तीला चिकटवलेले उजवे फूल चटकन पडले. म्हणजे सांग. मी गुरवाला म्हणालो, "पंख्याच्या वाऱ्यानं पडलं." तो हसला. "काका, लाईट सकालपासून न्हाय. पंखा कुठला?" तरीही घराण्यातल्या दोषाचे मी कोणाला सांगितले नाही. लग्न झाले.

चार वर्षांनी, थळला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, नमूला, तोच आजार निघाला. फार उशिरा निघाला. मी रोज तिच्या खाटेपाशी बसायचो. ती माझा हात धरून म्हणायची, "दादा, तू बरा झालास ना? मग मीपन व्हईन." खरे काय ते ओठांवर यायचे, आणि मी तिला पाणी पाजायचो. ती गेली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नाकाशेजारी पिवळसर गाठ आली. जन्म मिठागराच्या उन्हात गेलेला, उन्हाचेच असेल म्हणून सोडून दिली. नवरात्रात दर्शनाच्या रांगेत शेजारची एक अनोळखी बाई माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. मी म्हणालो, "बाई, देवीकडं बघा, माझ्याकडं काय बघताय?"

"देवी कुठं जात नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं कातडीच्या दवाखान्यात नर्स होते मी. बाबा, ही गाठ कधीपासूनची? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय?"

हातातला नारळ तसाच घेऊन मी रांगेतून बाहेर पडलो.

गाठ काढली. ती कॅन्सरचीच, आणि त्याच दोषातून आलेली निघाली. आता चेहऱ्यावरच आलेले लपवणार कुठे? मुलीला सांगितले, नमूच्या मुलीला, संगीताला, सांगितले. दोघींचे रिपोर्ट आले. मुलगी सुटली. संगीताच्या रक्तात मात्र तो दोष निघाला. आतड्यात एक गाठही सापडली. ती अजून बिघडली नव्हती. दुर्बिणीतूनच काढून टाकली.

ती बाई पुन्हा दिसली नाही. कोण होती, याचा शोध मी घेत नाही. एवढेच उमगले, की देवीने उत्तर पहिल्याच दिवशी दिले होते. कौल मागताना मी हात जोडले होते, मान मात्र वाकली नव्हती. तरी तिने माझ्याकडे पाठ फिरवली नाही, याचे उपकार फिटणारे नाहीत.

गाठ काढल्यावर संगीता घरी येऊन पाया पडली. "मामा, तुमच्या गाठीनं मला वाचवलं. आईच्या वेळी हे कळलं असतं तर..."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 'कळलं होतं, पोरी. मला माफ कर.' सगळे शब्द तोंडात तयार होते.

"देवीची कृपा," मी म्हणालो. "चहा घेतेस ना?"