साहेबाचा मासा अन् माझं धोतर

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा सांभाळा. मागं हीच गोष्ट ऐकताना एकाच्या नाकातून आला होता!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जिंतूरच्या तहसिलीत मी हंगामी मुन्शी. सोनपेठची सोयरीक ठरत आलेली, पण पोरीचे वडील लय खट. म्हणायचे, "नोकरी कायम करा, मग जावई कायम करू."

तेवढ्यात नदीची मोजणी करायला एक गोरा साहेब आला. मासे धरायचा त्याला भारी शौक. आमच्या वरच्या पेशकारसाहेबांनी मला त्याच्या दिमतीला दिलं अन् बजावलं, "मुन्शीजी, साहेब खूष तर तुमी कायम."

येलदरीपाशी पूर्णेत साहेब गुडघाभर पाण्यात उभा राहिला. गळाला गांडूळ न्हाई, कणीक न्हाई. पिसं बांधून केलेली खोटी माशी! ती पाण्यावर नाचवायची, पुन्हा उचलायची. आमच्या घरात माशाला कुणी शिवलं न्हाई, पण मला बी वाटलं, मासा काय येडा हाय का पिसं खायला?

तर लागला की! चांदीवानी चमकणारा. साहेबानं गळ काढला, मासा वीतभर भरतो का बघितलं, अन् सुळकन् पाण्यात!

मला वाटलं, हातातून निसटला. मासा कसला, माझी नोकरीच चालली! धोतरासकट उडी घेतली, दमलेला मासा उपरण्यात धरला अन् अदबीनं पुढं केला. साहेबानं मासा घेतला, अन् पुन्हा पाण्यात.

आता काय म्हणावं? साहेबाच्या हाताला कापरं भरतंय असं समजून मला त्याची कीवच आली. पुन्हा घुसलो, ह्या बारीला थेट डोहात. अन् मला पोहता येतंय कुठं! मी पाण्याखाली गटांगळ्या खायलोय, तोवर साहेबानं माशी फेकली, ती अडकली माझ्या धोतरात. तिकडं त्याच्या गळाच्या दोरीची चरखी किर्रर्र वाजायली. मोठं धूड लागलं म्हणून साहेब खूष! ढील द्यायलाय, ओढायलाय. सुटायला आलेलं धोतर दोन्ही हातांनी धरून मी एकदाचा काठाला लागलो.

नेमके तवाच पेशकारसाहेब काठावर आलेले. साहेबानं वाकून धोतरातला गळ काढला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं अन् त्यांना म्हणाला, "छोटा है. इसको भी छोड दो."

लहान मासा साहेब आपणहून सोडून देतो, हे मला तवा कळलं. पण पेशकारसाहेब हुकमाचे लय पक्के. त्यांनी मला तहसिलीतून सोडलं, अन् सोनपेठवाल्यांनी सोयरिकीतून!