थैलीचं मशीन आणि दारातली रांगोळी

डॉक्टरांनी सांगितलं, या घरात आता झाडू फिरवायचा नाही. झाडूनं धूळ जात नाही, नुसती उठते आणि पुन्हा बसते, आणि मधल्या वेळात तुमच्या आईंच्या छातीत जाते. हे ऐकून माझ्या मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, सहज. पण घरात झाडू माझ्याच हातात असायचा, त्यामुळे मला वाटलं, सासूबाईंचा दमा मीच वाढवलाय.

आमचं घर शहराच्या टोकाला, बेसा भागात. घर घेतलं तेव्हा म्हणे आजूबाजूला मोकळं रान होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि आमच्या कंपाऊंडला लागूनच वाळूचा ढीग होता. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. मी कोल्हापूर जिल्ह्यातली, आजऱ्याकडची. आमच्याकडे चिखल असतो. धुळीशी कसं वागायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तसं कुणी फारसं काही शिकवलंच नव्हतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. हे मी लग्नाआधी सासूबाईंना खाली मान घालून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मले कलेक्टर थोडीच आणाची हाये घरात?" आणि तो विषय तिथंच संपला. पुढं कधी, कुणासमोर, चुकूनसुद्धा त्यांनी तो काढला नाही. उलट शेजारच्या काकूंनी विचारलंच तर म्हणायच्या, "आमची सून लय हुशार हाये, फक्त बोलते गड्यासारखी."

कारण आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. मी बाजारातून येऊन दारातून "आलो आई" म्हटलं की त्या आतून विचारायच्या, "कोण आला गा भाऊ?" रोज विचारायच्या आणि रोज हसायच्या. इतक्या लांब, रात्र आणि दिवस गाडीत बसून मी आले होते. माझ्या बोलण्याला हसून मला घरात घेणारं माणूस मिळालं, हे माझं नशीब. पण जो आपल्याशी इतका चांगला वागतो, त्याचं आपल्या हातून काही बरंवाईट झालं तर, ही भीतीही तेव्हापासूनच माझ्या पोटात होती.

झाडू बंद म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं. मिस्टर कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे कामाला. त्यांना रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी आम्ही तिघं बर्डीच्या एका दुकानात गेलो. दुकानदार वॅट, फिल्टर, ओलं-कोरडं असं भराभर बोलत होता आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग त्यानं सतरंजीच्या एका तुकड्यावर पावडरचा डबा झटकला आणि मशीन फिरवलं. सतरंजी पुन्हा होती तशी स्वच्छ.

"अन् हे सारं जाते कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं एका मशीनचा पारदर्शक डबा काढून दाखवला. मग दुसऱ्या मशीनचं पोट उघडून आतली कापडी थैली दाखवली. "दम्याचा पेशंट असेल तर डब्यावाला बरा, मावशी. त्याला बारीक फिल्टर आहे."

सासूबाईंनी तो डबा हातात घेतला. त्यात जाळ्या, चकत्या, खटके. त्यांनी तो हळूच परत ठेवला. "थैलीचाच घेऊ. थैली आपल्याले समजते. भरली का झटकली, मळली का धुतली."

मिस्टर मला म्हणाले, "तू सांग. तुलेच चालवाचा हाये."

मी म्हटलं, "आई म्हणतील तो." तो डबा उघडता-लावताना माझ्या हातून मोडेल, ही भीती मला आधीच वाटायला लागली होती. थैली मलाही समजत होती. दळणाची असते, बाजाराची असते.

घरी सासूबाईंनी त्याचं नाव 'सोंड्या' ठेवलं. सोंड्याचं मी सगळं करायचे. ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीनं कापून काढायचे. नाकाला पदर बांधून थैली मागच्या अंगणात झटकायचे, आठवड्यातून एकदा धुवायचे आणि कडक वाळल्याशिवाय परत लावायचे नाही. दोरीवर वाळत घातलेली ती थैली बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे कोणाचं झबलं वं?" थैली धुतली तरी दाबली की बोटांना पिठासारखं काहीतरी लागायचं. मला वाटायचं, कापड म्हटल्यावर असणारच.

दारातली रांगोळी मात्र सासूबाई स्वतःच घालायच्या. कितीही दम लागो, सकाळी पाट घेऊन उंबरठ्यापाशी बसायच्या. मी हात पुढं केला तर म्हणायच्या, "हे माह्यं राहू दे. बाकी सारं तुह्यं." त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी उंबरठ्याच्या आत, हॉलमध्येच, मोठी रांगोळी घातली, कारण बाहेर वाळू उडून येत होती. निम्म्यावर दोनदा थांबल्या, भिंतीला टेकल्या, पंप ओढला, आणि पुन्हा वाकल्या.

दुसऱ्या दिवशी पाडवा. काटोलहून नणंद आणि तिची माणसं यायची होती. मिस्टर अडत्याच्या दुकानात पूजेला गेले होते. सासूबाईंना त्या सकाळी उठवेना. हॉलमधल्या दिवाणावर पडून त्या म्हणाल्या, "माह्याच्यानं आज नाई होत. तूच दारातली रांगोळी टाक वं पहिले. पाव्हणे येतीन."

टाक.

आमच्याकडे रांगोळी घालतात, नाहीतर काढतात. टाकतात तो कचरा. आदल्या दिवशीची ती एवढी सुंदर रांगोळी टाकायची म्हणून मला वाईट वाटलं. तरी वाटलं, पाहुणे येणार, पायदळी जाईल, म्हणून सांगत असतील. 'का' विचारायची मला सवय नव्हती. रांगोळीला झाडू लावू नये असं माझी आई म्हणायची, आणि झाडू तर या घरातून गेलाच होता. म्हणून मी सोंड्या काढला.

रांगोळी भराभर आत गेली. कमळ गेलं, पावलं गेली. दुकानातल्या त्या सतरंजीसारखी फरशी लख्ख होत होती आणि मला बरं वाटत होतं. मग मशीनचा आवाज बारीक झाला, जळका वास आला. मी मागं वळले तर मशीनच्या पाठीतून पांढरा धूर निघत होता. तो धूर नव्हता, रांगोळी होती. समोरून ओढलेली सगळी थैलीच्या कापडातून गाळून मागच्या बाजूनं हॉलमध्ये येत होती, आणि मशीनची पाठ दिवाणाकडे होती.

सासूबाई उठून बसल्या होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. हातानं त्या 'बंद कर, बंद कर' करत होत्या आणि मला बटण सापडत नव्हतं. रोज दाबायचे ते बटण. शेवटी मी भिंतीतली वायर उपटली. पंप दिला, तो लागू पडेना. खिडकी उघडली, बाहेरून वाळू आली, बंद केली. मिस्टरांना फोन लावला, फटाक्यांच्या आवाजात त्यांना ऐकू गेला नसेल. मी सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवत बसले. माझ्या तळहाताखाली त्यांची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती आणि मी "आई, आई" एवढंच म्हणत होते. त्यानं कुणाला श्वास येतो का?

शेजारच्या काकूंनी ऐकलं, रिक्षा त्यांनीच आणली. दवाखान्यात वाफ दिली, मास्क लावला. दुपारी कधीतरी सासूबाईंच्या ओठांचा निळेपणा गेला. मास्क काढल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "सोंड्या कायले चालवला, पोरी?"

"तुम्हीच म्हणाला, रांगोळी टाक."

एव्हाना मिस्टर, नणंद, सगळे खाटेभोवती जमले होते. मग सासूबाईंना कळलं. "अवो बापा! टाक म्हनजे काढ वं... अन् तू उचलून फेकली?" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं पुन्हा श्वास अडला, नर्स धावत आली. मी हात जोडून म्हटलं, "हसू नका आई, पाया पडतो." पडतो म्हटलं म्हणून त्यांना पुन्हा हसू आलं.

मला कुणी रागावलं नाही. मिस्टर फक्त म्हणाले, "विचारत काहून नाई तू?"

डॉक्टर म्हणाले, बाजूची बांधकामं संपेपर्यंत यांना इथं ठेवू नका. भाऊबीज झाली की नणंद त्यांना काटोलला घेऊन गेली. तिच्या घरामागं संत्र्याची झाडं आहेत, हवा चांगली आहे. गाडीत बसताना सासूबाई म्हणाल्या, "दोन महिन्यानं येतो बाप्पा मी," मुद्दाम माझ्यासारखं. "दार उघडं नोको ठेवू. रांगोळी टाकत जाय."

मशीनची मोटर बदलून आणली. थैली मी गरम पाण्यात घातली, साबणात घातली, उलटी करून ब्रशनं घासली. तरी चालू केलं की मागून थोडंसं पांढरं येतंच. डब्याचं मशीन घेऊ, असं मिस्टर म्हणतात. मी म्हणते, घेऊ, आई आल्यावर. तोवर मी ओल्या फडक्यानं पुसते, फडकं पिळते, पुन्हा पुसते. पलीकडच्या इमारतीचे मजले अजून चढतायत. ते कधी थांबणार ते तिथल्या वॉचमनलाही माहीत नाही. मी आता विचारते त्याला, रोज.

सकाळी अंघोळ झाली की उंबरठ्यापाशी पाट घेऊन बसते. मला कमळ जमत नाही, ठिपक्यांची जमते. तेवढ्यात काटोलहून फोन येतो.

"टाकली काय वं?"

"टाकली, आई."

"फेकली तं नाई?"

आणि त्या हसतात. मी फोन कानाला घट्ट धरते. हसणं संपतं आणि पुढचा श्वास यायचा असतो, तेवढा वेळ माझ्या बोटांतली रांगोळी तशीच राहते, खाली पडत नाही.